गोळी घ्यावी की भाव मागावा?

(वैजापूर येथील जिल्हा बैठकीत झालेले भाषण, टिपणांवरून)



आज कापसाच्या भावावर बोलायचे ठरले होते. त्यावर बोलणारे आमच्यानंतर आहेत, आणि त्यांच्याकडचे आकडे आमच्यापेक्षा पक्के आहेत. आम्ही वेगळ्याच गोष्टीसाठी उभे राहिलो आहोत. त्याला कारण एक चिठ्ठी.

मागच्या बैठकीत सभा संपता संपता व्यासपीठावर चिठ्ठ्या आल्या. एक विम्याची, एक जळालेल्या डीपीची, दोन रस्त्याच्या. आणि वहीचे पान फाडून चार घड्या घातलेली एक. खाली नाव नाही. लिहिले होते, "मालकांना डॉक्टरनी डोक्याच्या गोळ्या दिल्या आहेत. दीड महिना झाला. आता बरे वाटते तर म्हणतात बंद करतो. सासूबाई म्हणतात सवय लागेल. चालू ठेवाव्या का बंद कराव्या?" आम्ही ती वाचली, खिशात घातली आणि वेळ झाली असे सांगून सभा संपवली. वेळ झाली नव्हती. उत्तर देण्याची हिंमत नव्हती. का नव्हती, ते आधी सांगतो.

२०१५ साल आठवा. लागोपाठ दुसरे वर्ष पावसाने दगा दिलेला, विहिरींनी तळ दाखवलेला. त्याच साली सरकारने मराठवाडा-विदर्भाच्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशा ताईंनी घरोघर जाऊन विचारायचे, झोप लागते का, जेवण जाते का, जीव नकोसा वाटतो का. आम्हाला त्याचा संताप आला. भाव पाडायचा तुम्ही, कर्जात बुडवायचे तुम्ही, आणि वर शेतकऱ्याचेच डोके तपासायचे! एका गावच्या सभेत आम्ही गरजलो, "आमच्या डोक्यात बिघाड नाही, तुमच्या धोरणात आहे. गोळी नको, भाव द्या." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की बोलणाऱ्याला आपले सगळेच खरे वाटू लागते.

त्या सभेत आमचाच एक कार्यकर्ता बसला होता. पाच महिन्यांपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने नैराश्यावरची गोळी घेत होता. आम्हाला ठाऊक नव्हते, त्याने कोणालाच सांगितले नव्हते. गोळीने त्याला उतार पडला होता, तो पुन्हा रानात जाऊ लागला होता. आमचे भाषण ऐकून घरी जाताना त्याने गोळ्यांचे पाकीट नाल्यात फेकले. तिसऱ्या दिवशी चक्कर सुरू झाली. डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होई, अंगाला घाम फुटे, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ते पंधरा दिवसांत ओसरले. महिन्याभराने मूळचे दुखणे परत आले. भिंतीकडे तोंड करून निजणे, लेकरांशी न बोलणे. मग निरवानिरवीची भाषा सुरू झाली. एका पहाटे त्याची बायको आमच्या दारात उभी. म्हणाली, "भाऊ, तुम्ही सांगितलं म्हणून त्यांनी गोळ्या टाकल्या. आता तुम्हीच चला." आम्ही गेलो, गाडी केली, त्याला दवाखान्यात नेले. तो माणूस आज आहे. यंदा त्याची तीन एकर कपाशी आहे. त्याला विचारूनच हे सांगतो आहोत.

आम्ही शेतकी पदवीधर. कीटकनाशकावर बोलायचे तर लेबल वाचल्याशिवाय तोंड उघडत नाही. माणसाच्या औषधावर मात्र न वाचता बोललो. त्यानंतर वाचले, डॉक्टरांशी भांडून समजून घेतले. आम्ही डॉक्टर नाही, तेव्हा कोणी कोणती गोळी घ्यावी हे सांगणार नाही. डॉक्टरला काय विचारावे ते सांगू.

कपाशीवर लाल्या आला की पान लाल होते. एकाच्या रानात नत्र कमी पडलेले असते, दुसऱ्याच्या रानात मॅग्नेशियम. तिसरीकडे तुडतुडे रस शोषून गेलेले असतात, चौथीकडे बोंडे भरायच्या वेळी पाण्याचा ताण बसलेला असतो. पान सगळीकडे सारखेच लाल. दुकानदार मात्र चौघांनाही एकच बाटली देतो. मनाचेही तसेच आहे. झोप उडाली, अन्न गोड लागेना, हातपाय गळाले, कशातच जीव रमेना. हे नैराश्याच्या आजाराने होते. थायरॉईडच्या बिघाडाने, रक्त कमी झाल्यानेही होते. रोजच्या दारूने तर होतेच होते. आणि भाव पडल्याने, सावकार दारात आल्याने, घरातले माणूस गेल्यानेही होते. म्हणून पहिला प्रश्न हा, की डॉक्टरने तपासले का? रक्त, थायरॉईड पाहिले का? दारूचे विचारले का? पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून मोकळा झाला असेल तर तो कृषी सेवा केंद्रातल्या पोऱ्यापेक्षा वेगळा नाही.

दुःख आणि आजार यांत फरक कसा करायचा? पीक गेल्यावर माणूस आठ दिवस जेवत नाही, रडतो, चिडतो. ते दुःख. पाहुणा आला, नातू मांडीवर बसला, तर क्षणभर का होईना चेहरा खुलतो. आजारात तसे होत नाही. दोन आठवड्यांहून जास्त, दिवसाचा बहुतेक वेळ मन काळे, झोप नाही, भूक नाही, बैलाला पाणी दाखवायलाही उठवत नाही, सगळे माझ्यामुळेच झाले असे वाटते, मरणाचे विचार येतात. असे असेल तर आजार म्हणा. कारण काय का असेना, उपचार लागतो. बैल खड्ड्यात पाय पडून लंगडला, तर खड्डा कोणी खणला याचा पंचनामा होईपर्यंत पायाला पट्टी बांधायची नाही, असे कोणी करत नाही.

आता गोळीचा फायदा. २०१८ साली जगभरच्या ५२२ चाचण्यांचा हिशेब एकत्र मांडला गेला. एकवीस औषधे, १,१६,००० च्या वर माणसे. सगळी औषधे नुसत्या खडूच्या गोळीपेक्षा सरस ठरली. पण किती सरस? शंभर आजारी माणसांना खोटी गोळी दिली तरी सहा-आठ आठवड्यांत वीस ते चाळीस सुधारतात. खरी गोळी दिली तर चाळीस ते साठ. म्हणजे शंभरात वीसेक माणसांना गोळीने जे मिळते ते एरवी मिळाले नसते. आम्हाला विचाराल तर हा आकडा छोटा नाही आणि मोठाही नाही. आजार जितका जड, तितका फायदा नक्की. सौम्य उदासीला गोळीचा फारसा उपयोग दिसत नाही. बोंडअळीचे पतंग सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ सापडले तर फवारा, एखादा दिसला म्हणून पंप खांद्यावर घेऊ नका, हे आम्ही तुम्हाला सांगत आलो. तोच नियम इथे.

ही परदेशातली गोष्ट म्हणाल, तर आपल्या शेजारचे सांगतो. गोव्यात सरकारी दवाखान्यांच्या बाह्यरुग्ण विभागात ४५० लोकांवर चाचणी झाली, ती २००३ साली छापून आली. फ्लुओक्सेटिन नावाची स्वस्त, जुनी गोळी दोन महिन्यांत खोट्या गोळीपेक्षा चांगली ठरली. त्या वेळच्या बोलण्याच्या उपचाराला तेवढे यश आले नाही. पुढे त्याच गोव्यात गावपातळीवरच्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना शिकवून सहा ते आठ भेटींचा उपचार बसवला. त्याचा निकाल २०१७ चा. जड नैराश्यातून तीन महिन्यांत शंभरात ६४ बाहेर आले, नुसत्या नेहमीच्या उपचारावर ३९. त्या भेटींत जादू काही नव्हती. माणसाला बोलते करायचे, रोज एक छोटे काम ठरवायचे, ते झाले का विचारायचे. आज गोठ्यापर्यंत जा, उद्या बांधापर्यंत. हे काम आपल्या कार्यकर्त्यालाही शिकता येईल. आम्ही इतकी वर्षे मोर्चे शिकवले, हे शिकवले नाही.

आता धोके. इथे थोडे सावकाश ऐका, कारण दवाखान्यात हे कोणी सांगत नाही.

गोळी आज घेतली आणि उद्या गुण आला असे होत नाही. दोन ते चार आठवडे लागतात. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून. मळमळ, पातळ शौचाला होणे, डोके दुखणे, अस्वस्थपणा. पेरले की लगेच उगवत नाही, तोवर पाखरे मात्र बी वेचतात, तशातली गत. काही जण याच पंधरवड्यात गोळी सोडतात आणि म्हणतात, लागू पडली नाही. पंचविशीच्या आतल्या पोरांच्या बाबतीत हाच काळ जास्त नाजूक. कोवळ्या वयात सुरुवातीच्या दिवसांत मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने २००४ साली मुलांसाठी आणि २००७ साली चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी पाकिटावर ठळक इशारा छापायला लावला. घरात कॉलेजातला मुलगा गोळी घेत असेल तर पहिले महिना-दीड महिना त्याला एकटे सोडू नका. तो जास्त तडफडायला लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरकडे न्या.

दुसरी गोष्ट सभेत कोणी बोलत नाही. या गोळ्यांनी नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येते. इच्छा मरते, जमत नाही. गडी माणूस हे कोणाला सांगत नाही, गुपचूप गोळी बंद करतो. मायबहिणींनो, तुम्हालाही होते, तुम्ही तर त्याहून कमी बोलता. डॉक्टरला सांगा. मात्रा बदलता येते, औषध बदलता येते.

म्हाताऱ्या माणसांत काही वेळा या गोळ्यांनी अंगातले मीठ, म्हणजे सोडियम कमी होते. भ्रमिष्टासारखे बोलणे, तोल जाणे हे 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका. कंबरदुखी-गुडघेदुखीची गोळी आपल्याकडे चहासारखी खातात. ती नैराश्याच्या गोळीबरोबर रोज घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. अमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गोळ्या अजून पुष्कळ लिहिल्या जातात, डोकेदुखी-पाठदुखीवरही देतात. त्यांनी तोंडाला कोरड पडते, शौचाला कडक होते, लघवी अडते, घामही कमी येऊ शकतो. एप्रिल-मेच्या उन्हात काम करणाऱ्याचा घाम कमी होणे म्हणजे उष्माघाताला आवतण. शिवाय ही गोळी जास्त पोटात गेली तर हृदयावर जाते. म्हणून पाकीट आजारी माणसाच्या उशाशी ठेवू नका. घरातल्या दुसऱ्या कोणी आठवड्यापुरती गोळी काढून द्यावी, बाकी कुलपात. त्याच कुलपात फवारणीचे औषधही जाऊ द्या. श्रीलंकेने १९९५ पासून अतिजहाल कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली. तिथल्या आत्महत्या पुढच्या वीस वर्षांत निम्म्याहून खाली आल्या, आणि पिकाचे उत्पन्न घटले नाही. कृषी पदवीधर म्हणून हे आम्हाला कोणी कॉलेजात शिकवले नव्हते.

कोणाला कधी आठ-आठ दिवस झोप नको, बडबड, उधळपट्टी, दहा विहिरी खोदण्याचे बेत असे झाले असेल, तर ते डॉक्टरला आधी सांगा. त्यांच्यात नुसत्या नैराश्याच्या गोळीने ते वेड पुन्हा उसळू शकते. पोटुशी बाई असेल, पाजती असेल, तर तेही सांगा.

आणि मिक्स गोळी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते तुम्ही विसरला नसाल. दोन-दोन, तीन-तीन औषधे पंपात कालवून फवारली, वीसच्या वर माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. मेडिकलवर अशीच जोडगोळी मिळते. एकाच गोळीत नैराश्याचे एसिटालोप्रॅम आणि झोपेचे क्लोनाझेपाम. पहिल्या रात्री गाढ झोप लागते, म्हणून माणूस खूश. पण ते झोपेचे औषध काही आठवड्यांत सवय लावते, मात्रा वाढत जाते, आणि वरून दारू घेतली तर श्वासावर येते. ते थोड्या दिवसांसाठी असते. पाकिटाच्या मागे काय लिहिले आहे ते घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. नुसते नैराश्याचे औषध किती आणि झोपेचे किती, हे विचारणे तुमचा हक्क आहे.

डॉक्टर म्हणेल, मेंदूत एक रसायन कमी पडले, ते ही गोळी भरून काढते. २०२२ साली इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी सगळे पुरावे चाळून सांगितले की या रसायनाच्या कमतरतेने नैराश्य येते याला ठोस आधार सापडत नाही. त्यावरून गोळीचा गुणच खोटा असे ठरत नाही. शेणखताने रान सुधारते हे आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होते, का सुधारते ते नंतर कळले. पण 'तुझ्या मेंदूत खोट आहे' असे कोणी म्हणाले तर मान खाली घालायचे कारण नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. हे सगळे करून कर्ज फिटते का? नाही फिटत. २०२३ साली मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत सरकारी नोंदीप्रमाणे १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. ही सगळी माणसे गोळीअभावी गेली असे कोणी म्हणत असेल तर तो खोटे बोलतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, कपाशी पात्याफुलांवर असताना, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. त्याला कोणत्या गोळीचा उतारा आहे? इंडोनेशियात गरीब कुटुंबांच्या हातात थेट पैसे देण्याची योजना झाली, तर २०१९ च्या अभ्यासात तिथल्या आत्महत्या १८ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. पैसा हेही औषध आहे. सरकार जेव्हा समुपदेशनाचा कार्यक्रम दाखवून भावाचा प्रश्न गुंडाळते, तेव्हा आम्ही आजही २०१५ इतकेच चिडतो. ते चिडणे आम्ही सोडलेले नाही.

पण त्या दिवशीची आमची चूक कुठे होती? 'गोळी नको' हे आम्ही 'भाव द्या'च्या आधी जोडले, जणू दोन्हींतले एकच मिळणार. हमीभावाने विकायचे तर २०२५ पासून सीसीआयची नोंदणी मोबाईलच्या ॲपवर. सातबारा, पीकपेरा, आधार, अंगठा, खेटे. जो माणूस अंथरुणातून उठत नाही, तो ही नोंदणी कशी करणार? तो आंदोलनाला कसा येणार? आजारी माणूस व्यापाऱ्याला पहिल्या बोलीतच हो म्हणतो, हे आम्ही लासूरच्या बाजारात डोळ्यांनी पाहिले आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचे काम झाले, त्याचा अहवालही २०१७ चा. गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन बोलायचे, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे, त्याहून जड असेल त्याला डॉक्टरकडे न्यायचे. आधी नैराश्याच्या शंभर रुग्णांतले जेमतेम चार जण उपचाराला जात. दीड वर्षात २७ जाऊ लागले. जीव नकोसा वाटणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पाचावरून अडीचवर आले. हीसुद्धा कापसाचीच गावे.

वैजापूरच्या माणसाने कुठे जायचे? आधी इथल्या उपजिल्हा रुग्णालयात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोणत्या वारी भेटतात ते केस पेपरच्या खिडकीवर विचारा आणि चावडीवर लिहून लावा. जड दुखणे असेल तर छत्रपती संभाजीनगरला घाटीत मनोविकार विभाग आहे. पाऊणशे किलोमीटर आहे खरे, पण किडनीसाठी जातोच ना? रात्री-अपरात्री १४४१६ हा सरकारी फोन आहे, २०२२ पासून, फुकट, मराठीत बोलतात. पोलीस येतील ही भीती काढून टाका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायला निघालेल्या माणसाला गुन्हेगार न धरता तणावाखालचा रुग्ण धरले, आणि १ जुलै २०२४ पासून तो जुना गुन्हा कायद्याच्या पुस्तकातूनच गेला.

आपली मागणी एवढीच लिहून घ्या की सरकारी दवाखान्यात या गोळ्यांचा साठा खंडित होता कामा नये. महिनाभर औषध द्यायचे आणि पुढच्या महिन्यात 'संपले, बाहेरून घ्या' म्हणायचे, हे आमच्या त्या कार्यकर्त्याने नाल्यात पाकीट फेकण्यासारखेच आहे. फरक एवढाच, की इथे फेकणारा दुसरा असतो. पुढच्या निवेदनात कापसाच्या कलमाखाली हे कलम घालू.

आता चिठ्ठी लिहिणाऱ्या ताईंना उत्तर. उशिरा देतो आहोत, माफ करा. ताई, तुमच्या मालकांना दीड महिन्यात बरे वाटते आहे म्हणजे गोळी लागू पडली असावी. आत्ताच बंद करू नका. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ती चालू ठेवायची असते, नाहीतर दुखणे उलटते. सासूबाईंचे अर्धे खरे आहे. दारूसारखी तलफ या गोळीची येत नाही, पण अंग तिला सरावते. २०२४ साली छापलेल्या हिशेबाप्रमाणे गोळी थांबवणाऱ्यांत साधारण सहा-सात जणांमागे एकाला गोळी सुटल्याचा खरा त्रास होतो, शंभरात तिघांना जास्त होतो. म्हणून बंद करायची वेळ येईल तेव्हा डॉक्टरच्या हाताने, हळूहळू उतरवत. पाकिटावर क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम लिहिले आहे का ते बघा. असेल तर ते कधी कमी करायचे ते या भेटीतच विचारा, पण तेही एकदम तोडू नका. पाकीट तुमच्याकडे ठेवा. आणि मालकांना विचारा, आमच्यापैकी कोणी घरी येऊन बसलेले चालेल का. हो म्हणाले तर पुढच्या बैठकीत पुन्हा चिठ्ठी टाका, गावाचे नाव तेवढे लिहा.

कापसावरचे भाषण आता सुरू होईल.